काकडीपर्यंतचे टप्पे

एस.टी.त भाडे टप्प्यावर आकारतात. सहा किलोमीटरचा एक टप्पा. उतारू टप्प्याच्या पुढे अर्धा किलोमीटर गेला तरी पुढच्या टप्प्याचे पैसे. श्रीरामपूर आगारात मी आधी वाहक होतो, पुढे वाहतूक नियंत्रक झालो आणि निवृत्तही तिथूनच झालो. त्यामुळे कुठल्याही गावाचे नाव ऐकले की आधी टप्पे डोळ्यांसमोर येतात आणि मग गाव. आता गावातली मुले दिल्ली, हैदराबाद, बंगळुरूला नोकरीला आहेत आणि त्यांच्या तोंडी 'दोन तासांवर', 'दीड तासावर' अशी भाषा असते. ती ऐकली की मला नकाशा काढून बसावेसे वाटते. आमच्या गावापासून कुठलेही शहर किती लांब, याचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले आहे, आणि प्रत्येक वेळी ते बदलणारा माणूस श्रीरामपूरचा विचार करून बदलत नव्हता.

शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून पाहा. श्रीरामपूर ते मुंबई सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास भरते. रस्त्याने तेच अंतर अडीचशेच्या पुढे जाते. रेल्वेने मनमाडवरून गेलात तर साडेतीनशेच्या आसपास आणि दौंड-पुण्यावरून गेलात तर चारशे ओलांडून. मुंबई आमच्या पश्चिमेला आणि गाडी धरायची ती उत्तरेची किंवा दक्षिणेची. मधे सह्याद्री उभा आहे. जी.आय.पी. रेल्वेने तो दोनच ठिकाणी फोडला: बोरघाट १८६३ मध्ये, थळघाट १८६५ मध्ये. एक लोहमार्ग पुणे-दौंडकडून सोलापूरला गेला, दुसरा नाशिक-मनमाडकडून भुसावळला. नगर जिल्हा दोन्हींच्या मधे कोरडा राहिला.

त्याआधी अंतर मोजायचे ते मुक्कामाने, आणि ती मोजणी अजून मोडलेली नाही. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी नाशिक, सिन्नरकडून आमच्या भागात उतरते. राजुरी, मग बेलापूर, मग राहुरी, डोंगरगण, नगर आणि पुढे मिरजगाव, करमाळ्यावरून पंढरपूर. एक मुक्काम म्हणजे माणसाच्या एका दिवसाच्या पायांचे अंतर. ज्येष्ठात बेलापुरात वारकरी प्रवरेकाठी उतरतात तेव्हा आगारात आमची पंढरपूरच्या जादा गाड्यांची जुळवाजुळव चाललेली असे. वीस-पंचवीस दिवस चालून जायचे तिथे आमची गाडी एका दिवसात पोहोचवते. तरी दिंडीतला वारकरी गाडीत बसत नाही, आणि मला ते कधी चुकीचे वाटले नाही.

दौंड ते मनमाड हा रेल्वेचा रस्ता १८७८ मध्ये सुरू झाला. लांबी सुमारे १४५ मैल. त्याची माती ज्या हातांनी टाकली ते दुष्काळाचे हात होते. १८७६-७७ चा दुष्काळ दख्खनवर असा कोसळला की माणसे गावेच्या गावे सोडून निघाली, आणि सरकारने दुष्काळी कामे काढली त्यांत हे रेल्वेचे भरावही होते. त्याच काळात सरकारने दुष्काळाच्या पाहणीला पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी मजुराला मिळणारे धान्य दिवसाला एक पौंडाच्या हिशेबावर आणले, आणि मुंबई इलाख्यात उपाशी मजुरांनी कामे सोडून त्याचा निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने ते गाऱ्हाणे सरकारपुढे मांडले. दुष्काळात धान्य पोहोचवायला रेल्वे हवी, हे सरकारला पटले होते. ती बांधणाऱ्याच्या पोटात धान्य हवे, हे तितकेसे पटले नव्हते. राहुरीकडून गाडी येताना प्रवरेच्या पुलाआधीचा भराव दिसला की मला अजून त्या लोकांची आठवण होते. त्यांची नावे कुठल्याही दगडावर नाहीत.

रेल्वे आली तशी तिची वेळही आली. तेव्हा भारतातल्या रेल्वे मद्रासच्या घड्याळावर चालत. मद्रास आपल्या पूर्वेला, म्हणून तिथे सूर्य आधी माथ्यावर येतो. आमच्या रेखांशाने हिशेब केला तर बेलापूरच्या सूर्यापेक्षा स्टेशनचे घड्याळ सुमारे २२ मिनिटे पुढे होते. दिवस कासराभर वर आला की निघू म्हणणाऱ्या शेतकऱ्याची गाडी चुकत असणार, हे उघड आहे. १९०६ मध्ये सगळ्या देशाची एक वेळ ठरली, तेव्हा तो फरक अर्ध्या तासावर गेला. मुंबई शहराने मात्र स्वतःची जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे सांभाळली. म्हणजे इथून मुंबईला जाणाऱ्या माणसाला उतरल्यावर घड्याळ ३९ मिनिटे मागे घ्यावे लागे. अंतराबरोबर वेळही गावोगाव वेगळी होती.

आमचे श्रीरामपूरचे स्टेशन बेलापूरच्या नावाचे, पण गावापासून पाच-सहा किलोमीटर लांब, उघड्या माळावर. म्हणून त्याच्या भोवती वसलेल्या वस्तीला बेलापूर रोड म्हणत. मूळ बेलापूर प्रवरेच्या काठी, केशव-गोविंदाच्या देवळाभोवती, जुन्या बाजारपेठेचे गाव. तिथून स्टेशनवर बैलगाडीने यायचे. माळावर गाव उभे राहिले ते पाण्यामुळे. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला प्रवरेवर धरण बांधायला १९१० मध्ये सुरुवात झाली, १९२६ मध्ये ते पुरे झाले आणि त्याला गव्हर्नर विल्सनचे नाव दिले गेले. ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले. बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना आला, टिळकनगरला डहाणूकरांचा महाराष्ट्र शुगर मिल्स आला, आणि स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला प्रवरानगरचा सहकारी कारखाना काढला. हे सगळे आमच्या स्टेशनच्या भोवताली. वस्तीचे शहर झाले, शहराला श्रीरामपूर हे नाव मिळाले, रामनवमीची यात्रा भरू लागली. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर मात्र बेलापूर हेच नाव राहिले.

माझे वडील मालधक्क्यावर हमाल होते. गुळाच्या ढेपा, साखरेची पोती, मोसंबीची खोकी त्यांच्या पाठीवरून गेली. गूळ आणि साखर कितीही लांब गेली तरी चालते, मोसंबीचे तसे नसते. वडील सांगत, मोसंबीचा व्यापारी मैल विचारत नाही, रात्री विचारतो. 'किती रात्री लागतील?' एका रात्रीत बाजार गाठला तर माल ताजा, दोन रात्री लागल्या तर खालचा थर नरम, तीन रात्री झाल्या तर भाव पडलेला. खोक्यात खाली गवत, मधे गवत, वर गवत. डबा मनमाडला दुसऱ्या गाडीला जोडायचा राहिला तर इथल्या बागाईतदाराचे वर्ष बिघडे. अंतर रात्रींत मोजायची त्या व्यापाऱ्यांची रीत मला आजही सगळ्यांत खरी वाटते. वाट पाहणाऱ्याचे नुकसान तिच्यात धरलेले आहे.

याच लोहमार्गाची एक गंमत उतारूंना लवकर लक्षात येत नाही. मुंबईला जायचे तर आम्हाला वळसा आणि दिल्लीला मात्र सरळ. दौंड-मनमाड रस्ता दक्षिणेला उत्तरेशी जोडतो, म्हणून झेलम, कर्नाटक, गोवा अशा लांबच्या एक्स्प्रेस गाड्या आमच्या रानातून दिल्लीकडे धावतात. नगरच्या लष्करी केंद्रातले जवान ट्रंका घेऊन झेलममध्ये चढत. दिल्लीपर्यंत एक दिवस आणि एक रात्र, कधी त्याहून जास्त. मुंबई पाचव्या हिश्श्याच्या अंतरावर असूनही तिकडे जायचे म्हटले की इथला माणूस कपाळाला आठ्या घालतो.

तो वळसा आमच्या एस.टी.ने कमी केला, हे मी अभिमानाने सांगतो. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली, म्हणजे या कामाचा आरंभच आमच्या जिल्ह्यात झाला. पुढे श्रीरामपूरहून बाभळेश्वर, लोणी, संगमनेर असे पश्चिमेला सरळ तोंड करून गाड्या निघू लागल्या. संगमनेरहून एक रस्ता सिन्नर-नाशिकवरून कसारा घाट उतरतो, दुसरा आळेफाट्यावरून माळशेज. रेल्वेने जो माळशेज चुकवला त्यातूनही आमची लाल गाडी गेली.

वाहकाच्या हातात तेव्हा तिकिटांचा ट्रे असे. धातूचा लांबट ट्रे, त्यात किमतीप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या गड्ड्या, आणि पट्ट्याला लटकवलेला पंच. जवळच्या उतारूला एक तिकीट पुरे. मुंबईच्या उतारूला तीन-चार तिकिटांची जोडी द्यावी लागे, कारण एवढ्या भाड्याचे एकच तिकीट ट्रेमध्ये नसायचे. ती जोडी एकावर एक धरायची, चढल्या टप्प्यावर एक भोक आणि उतरायच्या टप्प्यावर दुसरे. दोन भोकांच्या मधे छापलेले आकडे म्हणजे त्या माणसाचा सगळा प्रवास. बाभळेश्वर गेले की वेबिलवर आकडे टाकायचे, संगमनेर गेले की पुन्हा. उन्हाळ्यात घामाने तिकिटे बोटांना चिकटत आणि पावसाळ्यात माळशेजमध्ये धुके आत शिरून गड्ड्या दमट होत. लोक मला मास्तर म्हणत. 'मास्तर, दिवस मावळायच्या आत पोहोचंल ना गाडी?' हा प्रश्न संगमनेरच्या आधी हमखास येई. मी कल्याणची वेळ सांगायचो, मुंबईची कधी सांगितली नाही. कल्याणच्या पुढे काय होईल ते कुणाच्या हातात नसते.

विमानाचा विषय तेव्हा आमच्या बोलण्यात नव्हता. विमानाने जाणारा माणूस आधी मुंबईला जायचा, नाहीतर पुण्याला, नाहीतर औरंगाबादच्या चिकलठाण्याला. तिथपर्यंत त्याला आम्हीच पोहोचवायचो. मोठी बॅग टपावर चढवताना लोक हमालाला सांगत, जपून, परदेशी चाललीये.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. राष्ट्रपती रामनाथ कोविंद उद्घाटनाला आले होते, आणि अलायन्स एअरचे छोटे पंख्याचे एटीआर विमान मुंबईकडे झेपावले. साईबाबांच्या समाधीला शंभर वर्षे पूर्ण होणार होती, १९१८ च्या दसऱ्याला त्यांनी देह ठेवला होता, आणि विमानतळ झाला तो त्यांच्या भक्तांसाठी. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. रेल्वे दुष्काळासाठी आली, कालवा उसासाठी आला, विमान बाबांसाठी आले. आमचे गाव प्रत्येकाच्या कडेला होते आणि प्रत्येकातून त्याने आपले काढून घेतले.

पहिल्या आठवड्यांत लोक विचारत, मुंबई पाऊण तासात, हे खरे का? वेळापत्रकात पाऊण तास होता, आणि त्याचा हिशेब एस.टी.च्या माणसाला कळतो. काकडी ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत साधारण १७० किलोमीटर. असे विमान ताशी पाचशेच्या आसपास जाते, म्हणजे नुसते अंतर कापायला वीस मिनिटे पुरे. उरलेली मिनिटे धावपट्टीपर्यंत सरकण्यात, वर चढण्यात, मुंबईच्या आकाशात पाळी येईपर्यंत घिरट्या घालण्यात आणि उतरून जागेवर उभे राहण्यात जातात. आम्हीही फेरीची वेळ अशीच धरायचो, फलाट सोडल्यापासून फलाटाला लागेपर्यंत. लांबच्या पल्ल्याला मात्र ही चढ-उतार अंगावर येत नाही. काकडी ते दिल्ली हजार किलोमीटरच्या थोडे पुढे आणि वेळ दोन तास. अंतर सहापट, वेळ तिपटीच्या आत. श्रीरामपूरच्या माणसाला दिल्ली जवळ झाली ती अशी. झेलमने जे अर्धवट केले होते ते विमानाने पुरे केले.

सुरुवातीची वर्षे सोपी नव्हती. अडीच हजार मीटरची धावपट्टी होती, पण धुक्यात विमान उतरवणारी यंत्रणा नव्हती. वैमानिकाला डोळ्यांनी पट्टी दिसली तरच उतरायचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये दृश्यमानता इतकी घटली की विमाने कित्येक आठवडे बंद राहिली. त्या वर्षी अवकाळी पावसाने आमच्या भागातली उभी पिके गेली होती, आणि तोच ओलावा सकाळी काकडीच्या माळावर धुके होऊन बसत होता. नंतर करोना आला. २०२५ मध्ये रात्रीही विमाने उतरू लागली. दरम्यान जमिनीवर समृद्धी महामार्ग झाला, नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये आणि मुंबईच्या बाजूचा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये. मुंबईहून साईनगर शिर्डीला वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून येते, मनमाडवरून. ती पुणतांब्याजवळ फाटा घेऊन शिर्डीकडे वळते आणि बेलापूर स्टेशन थोडक्यात पुढे राहते.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, तिचा मुलगा दिल्लीला असतो. गुडघे दुखतात म्हणून रेल्वेचा एक दिवस-रात्रीचा प्रवास तिला झेपेना. मुलाने विमानाचे तिकीट काढले. मी काकडीपर्यंत सोडायला गेलो. वेळेला जुळेल असे काही नव्हते म्हणून खासगी गाडी ठरवली, आणि तिच्या भाड्यात आक्काचे एस.टी.ने मुंबईला जाऊन-येऊन तिकीट निघाले असते. बाभळेश्वर, राहाता करत पन्नासेक किलोमीटर, माझ्या हिशेबाने आठ-नऊ टप्पे. उसाच्या ट्रॅक्टरमागे दोनदा अडकलो. आक्काच्या मांडीवर स्टीलचा डबा, त्यात शेंगदाण्याच्या पोळ्या, वर फडके बांधलेले. ती सारखी विचारत होती, 'भाऊ, विमान थांबंल का रे आपल्यासाठी?' मी म्हणालो, 'नाही थांबायचं आक्का, पण आपण वेळेत आहोत.' दारातल्या जवानाने तिचे तिकीट आणि आधार कार्ड हातात घेऊन नीट वाचले, 'आजी, या' म्हणाला आणि तिचा डबा स्वतः उचलून पट्ट्यावर ठेवला. विमान सुटल्यावर दोन तासांनी मुलाचा फोन आला की ते उतरले. आम्ही परतताना राहात्यात चहाला थांबलो होतो, तेवढ्यात आक्का दिल्लीला पोहोचलीही.

पण तिच्या दारापासून मुलाच्या दारापर्यंतचा हिशेब मी मांडला. घर ते काकडी सव्वा तास, विमानाआधी दीड तास, हवेत दोन तास, बॅग आणि दिल्लीची गर्दी आणखी दोन तास. पावणेसात तास. एवढ्या वेळात एस.टी.ने श्रीरामपूरचा माणूस मुंबईला पोहोचतो. म्हणजे हवेतली वेळ एकूण प्रवासाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, आणि बाकी सगळी जमिनीवर. या जमिनीवरच्या वेळेचा विचार कुणी करत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. धावपट्टी लांब करायला निधी मिळतो, तिच्यापर्यंत जाणारी लोकांची गाडी मात्र ज्याची त्याने बघायची.

ही खंत जुनी आहे. बेलापूर ते परळी असा पूर्वेला जाणारा लोहमार्ग व्हावा, नेवासे-शेवगावचा कोरडा भाग रेल्वेला जोडावा, ही मागणी माझ्या वडिलांच्या आधीपासून चालत आली आहे. आमची रेषा फक्त उत्तर-दक्षिण राहिली. तिला पूर्वेचा फाटा मिळाला असता तर ज्या गावात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या नेवाशाला जायला गाडी बदलत, खडी तुडवत जावे लागले नसते. ही मागणी आज मागे पडली आहे, मी ती सोडलेली नाही.

काकडीपर्यंत एस.टी. नेण्याचे काम त्या मानाने लहान आहे. मी नियंत्रक म्हणून शेकडो फेऱ्यांची वेळापत्रके हाताने आखली, तसे एक या फेरीचेही आखून आगारात नेऊन दिले आहे. श्रीरामपूर बसस्थानकावरून सुटणारी एक गाडी, बाभळेश्वर आणि राहात्याला थांबा, दिल्लीच्या विमानाच्या दोन तास आधी काकडीत. तिथे उतरणाऱ्या उतारूंसाठी विमान लागल्यापासून पाऊण तास थांबायचे, विमान उशिरा आले तर तेवढे उशिरा सुटायचे. गाडी साधी लाल चालेल. सामानाला मागची दोन बाके काढून जागा करायची. भाडे टप्प्याचेच, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना आजच्या नियमाप्रमाणे फुकट. आक्का येत्या दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहे, तिने आत्ताच विचारून ठेवले आहे की ती गाडी कितीला सुटेल.